गरम झऱ्यांच्या ओढ्यातील पाणी आणि मासे

कोकणात गरम पाण्याच्या झऱ्याला ‘उन्हाळे’ म्हणतात. उन्हेरे, उन्हवरे, खानदेशातील उनपदेव ही नावेही ऊन पाण्यावरूनच आलेली. पश्चिम किनारपट्टीत पालघर जिल्ह्यातील कोकनेरेपासून रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूरपर्यंत सुमारे १८ ठिकाणी असे झरे आहेत. त्यांच्या पाण्याचे तापमान ३४ ते ७१ अंश सेल्सिअसपर्यंत आढळते. गणेशपुरी, अकलोली, तुरळ, राजवाडी येथील कुंडे सर्वांना माहीत आहेत. पण कुंडातून वाहून जाणारे पाणी पुढे कोठे जाते याकडे फारसे लक्ष जात नाही. ते ओढ्याला किंवा नदीला मिळते, आणि तेथून काही अंतरापर्यंत त्या ओढ्यातील माशांचे जगणे त्यावर अवलंबून राहते.

अशा ओढ्याकाठचे शेतकरी दोन प्रश्न विचारतात. हे गरम पाणी शेततळ्यात घेऊन मासे वाढवता येतील का? आणि एप्रिल-मे महिन्यांत ओढ्यातील मासे अचानक का मरतात? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे. झरा किती गरम आहे यापेक्षा त्यात मिसळायला थंड पाणी किती आहे, हे पाहावे लागते.

झरा तोच, ओढा बदलतो

कोकणातील हे झरे ज्वालामुखीचे नाहीत. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून खोल मुरते, तेथील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगांतून वर येते. हा प्रवास लांबचा असल्याने झऱ्याचे तापमान आणि प्रवाह वर्षभरात फारसे बदलत नाहीत. ओढ्याचे तसे नाही. जुलैमध्ये दुथडी वाहणारा ओढा मार्चनंतर डबक्याडबक्यांत तुटतो. त्यामुळे पावसाळ्यात ज्या झऱ्याचा ओढ्यावर काहीच परिणाम दिसत नाही, तोच झरा उन्हाळ्यात सगळ्या ओढ्याचे पाणी तापवतो.

याचा हिशेब सोपा आहे. समजा, झऱ्यातून सेकंदाला २ लिटर पाणी ५० अंशांनी येते. डिसेंबरमध्ये ओढ्यात सेकंदाला १८ लिटर पाणी २४ अंशांचे आहे. दोन्ही पूर्ण मिसळल्यावर पाणी सुमारे २६.६ अंशांचे होईल. रोहू-कटल्याला हे पाणी उत्तम. आता एप्रिलमध्ये ओढ्यात सेकंदाला ३ लिटरच पाणी उरले आणि ते २८ अंशांचे आहे. मिश्रण होईल ३६.८ अंशांचे. झरा जागचा हलला नाही, गरमही झाला नाही, तरी ओढ्यातील पाणी दहा अंशांनी वाढले. वर दुपारच्या उन्हाची भर वेगळीच. (हिशेबाची रीत : प्रत्येक प्रवाहाचे लिटर गुणिले त्याचे तापमान, दोन्हींची बेरीज, भागिले एकूण लिटर.)

झऱ्याचा प्रवाह मोजायला बादली आणि घड्याळ पुरते. २० लिटरची बादली १० सेकंदांत भरली तर प्रवाह सेकंदाला २ लिटर. हे मोजमाप एप्रिलच्या अखेरीस करावे. पावसाळ्यानंतर लगेच केलेली पाहणी दिशाभूल करते, आणि बहुतेक पाहण्या नेमक्या तेव्हाच होतात.

वर बंधारा किंवा धरण असेल तर खालच्या ओढ्यात थंड पाणी आणखी कमी येते. तानसा नदीचेच उदाहरण घ्या. वज्रेश्वरी-अकलोलीचे झरे नदीकाठी आणि पात्रातही आहेत, आणि त्यांच्या वरच्या अंगाला मुंबईला पाणी पुरवणारे १८९२ चे तानसा धरण आहे. अशा ठिकाणी पावसाळा संपल्यावर पात्रात किती पाणी राहते, यावर झऱ्याखालच्या पट्ट्यातील तापमान ठरते. नवीन बंधाऱ्याची जागा निवडताना गरम झरा बंधाऱ्याच्या वर आहे की खाली, हेही पाहायला हवे.

झऱ्याचे पाणी ओढ्यात पडले की लगेच मिसळत नाही. गरम पाणी हलके असते. संथ डोहात ते वरच्या थरात पसरते, वाहत्या भागात बरेचदा एका काठाने जाते. एका काठाला ३८ अंश आणि समोरच्या काठाला ३० अंश असे होऊ शकते. म्हणून एका ठिकाणच्या एका वाचनावर निष्कर्ष काढू नये.

गरम पाण्यात प्राणवायू कमी, गरज जास्त

मासे मरतात तेव्हा ‘पाणी उकळले’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उष्णतेआधी प्राणवायू संपतो. समुद्रसपाटीच्या आसपास गोड्या पाण्यात २० अंशांना जास्तीत जास्त ९.१ मि.ग्रॅ. प्रति लिटर प्राणवायू विरघळून राहतो. ३० अंशांना तो ७.६, ३५ अंशांना ६.९ आणि ४० अंशांना ६.४ मि.ग्रॅ. होतो. घट फार मोठी वाटत नाही. पण तापमान दहा अंशांनी वाढले की माशाची प्राणवायूची गरज साधारण दुप्पट होते. पुरवठा थोडा कमी आणि मागणी दुप्पट, असा हा पेच आहे. तळातील पाला, शेण, शेवाळ कुजण्याचा वेगही त्याच प्रमाणात वाढतो आणि कुजताना तेही प्राणवायूच घेते.

शिवाय जमिनीखालून आलेल्या झऱ्याच्या पाण्यात सुरुवातीला प्राणवायू जवळजवळ नसतो. दगडांवरून खळाळत गेल्यावर तो भरून येतो. कुंडातून सरळ पाइपने डोहात सोडलेले पाणी आणि पन्नास मीटर खडकाळ उतारावरून आलेले पाणी यांत माशांच्या दृष्टीने मोठा फरक असतो. कार्प माशांसाठी ५ मि.ग्रॅ. किंवा अधिक प्राणवायू असावा. ३ मि.ग्रॅ.खाली मासे ताणात येतात, खाद्य सोडतात, पृष्ठभागावर येऊन हवा गिळू लागतात. सर्वांत वाईट वेळ पहाटेची असते, कारण रात्रभर शेवाळ आणि पाणवनस्पतीही प्राणवायू वापरतात. तापमान दुपारी दोन-तीनला मोजावे, प्राणवायू सूर्योदयापूर्वी.

अमोनियाचेही गणित तापमानाने बदलते. पाण्यातील एकूण अमोनियाचा जो भाग विषारी रूपात असतो तो सामू आणि तापमान यांबरोबर वाढतो. सामू ८ असताना २० अंशांना हा भाग ३.८ टक्के, ३० अंशांना ७.५ टक्के. म्हणजे तेवढेच शेण, तेवढेच उरलेले खाद्य, पण विष दुप्पट. कोकणातील गरम झऱ्यांचे पाणी बहुतेक ठिकाणी थोडे अल्कधर्मी असते, त्यामुळे ही बाब येथे दुर्लक्षून चालत नाही.

कोणता मासा किती उष्णता सोसतो

रोहू, कटला आणि मृगळ यांची वाढ २५ ते ३२ अंशांत चांगली होते. ३५ च्या पुढे खाणे कमी होते आणि ४० च्या जवळ मृत्यू सुरू होतात. सायप्रिनसला २० ते २८ अंश मानवतात. गरम ओढ्याच्या पाण्यासाठी हा मासा निवडू नये. पंगस २६ ते ३० अंशांत चांगला वाढतो आणि थंडीला कच्चा आहे. तिलापिया उष्णतेला सर्वांत काटक. २८ ते ३२ अंश त्याला आवडतात आणि सवय झाल्यास ४० च्या आसपास तो तग धरतो. मात्र पाणी १६-१७ अंशांच्या खाली गेले की तो खाणे थांबवतो. मरळ, मागूर, शिंगी हे हवेतून श्वास घेणारे मासे प्राणवायू कमी असला तरी टिकतात, म्हणून आटत्या डोहात शेवटी तेच दिसतात. ते दिसले म्हणजे पाणी चांगले आहे असे समजू नये. अनेकदा अर्थ उलटा असतो.

हे आकडे हळूहळू सवय झालेल्या माशांचे आहेत. २६ अंशांच्या टाकीतून आणलेली बोटुकली ३४ अंशांच्या पाण्यात ओतली तर ३४ अंश ‘सोसणारा’ मासाही मरतो. पिशवीतील आणि तळ्यातील पाण्यात ३ अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर पिशवी तरंगत ठेवून, थोडे थोडे पाणी मिसळत, किमान अर्धा तास द्यावा. फरक याहून मोठा असेल तर त्या वेळी बोटुकली सोडूच नये.

जगात याहून गरम पाण्यात राहणारे मासे आहेत. केनियातील मगादी सरोवराच्या काठच्या झऱ्यांत एक लहान तिलापिया ४० अंशांच्या वर आणि अत्यंत अल्कधर्मी पाण्यात जगतो. तुर्कस्तानात कंगल येथे सुमारे ३५ अंशांच्या झऱ्यात गारा जातीचे मासे राहतात आणि स्नानाला आलेल्यांच्या त्वचेवरील खपल्या खातात. आपल्या ओढ्यांतला दगडाला चिकटून शेवाळ खरवडणारा मळ्या हा त्याच गारा कुळातला. पण हे मासे हजारो पिढ्या त्या पाण्यात राहिलेले आहेत. नात्यातला आहे म्हणून आपला मासा तेवढी उष्णता सोसेल, असा हिशेब करता येत नाही. ४५ अंशांच्या वरच्या पाटात जी हिरवी-तपकिरी साय दिसते ती निळ्या-हिरव्या शेवाळाची असते. तेथे मासा नसतो. ती साय तुटून खालच्या डोहात जाते आणि कुजते, म्हणून डोहात साचू लागली की काढावी.

मासे जागा बदलतात

ओढ्यातील मासे गरम पाणी सोसत बसत नाहीत, ते सरकतात. थंडीच्या सकाळी ते झऱ्याच्या मिलनाच्या खाली येतात, तेथे खाद्यही बरे मिळते. उन्हाळ्यात ते वरच्या सावलीच्या डोहात, किंवा बाजूने मिळणाऱ्या एखाद्या थंड पऱ्ह्याच्या तोंडाशी जमतात. अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानातील फायरहोल नदी याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. गरम झरे आणि उष्णोदकाचे फवारे या नदीत मिळतात. तिच्यात थंड पाण्याचे ट्राउट मासे आहेत, जे २० अंशांच्या वर ताणात येतात. उन्हाळ्यात नदी तापली की ते उपनद्यांच्या थंड पाण्यात जातात, आणि त्या काळात गरज पडेल तेव्हा तेथील मासेमारी बंद ठेवली जाते.

आपल्याकडे नेमके उलटे घडते. उन्हाळ्यात वरच्या डोहात मासे गोळा झाले की जाळी लागतात, कधी ब्लीचिंग पावडरही टाकली जाते. त्याच डोहावर पंप बसवून शेवटचे पाणीही उपसले जाते. त्या डोहातले मासे म्हणजे पुढच्या पावसात साऱ्या ओढ्याला बी पुरवणारा साठा आहे. ग्रामपंचायतीने असा एक तरी डोह मार्च ते जून राखीव ठेवला, काठची करंज, जांभूळ, उंबर यांची सावली तोडली नाही, आणि डोहाकडे जाणारी माशांची वाट सिमेंटच्या उंच पायरीने अडवली नाही, तर बाहेरून बोटुकली आणून सोडण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

झऱ्याच्या पाण्यातील वायू, क्षार आणि साबण

कुंडाजवळ कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल तर पाण्यात हायड्रोजन सल्फाइड वायू आहे. माणसाला तो वास सहन होतो, माशांना तो अत्यल्प प्रमाणातही घातक आहे. पाणी उघड्यावर खळाळल्यावर तो उडून जातो. वास पूर्ण गेल्याशिवाय ते पाणी तळ्यात घेऊ नये.

दुसरा धोका दिसत नाही. दाबाखालून आलेल्या पाण्यात नायट्रोजन जादा विरघळलेला असू शकतो. असे पाणी बंद पाइपने थेट टाकीत सोडले तर माशांच्या कल्ल्यांत, परांत, डोळ्यांजवळ बारीक बुडबुडे दिसतात. लहान पिले यात लवकर दगावतात. उपाय स्वस्त आहे : पाणी जांभ्या दगडांच्या तीन-चार पायऱ्यांवरून किंवा छिद्रांच्या पत्र्यावरून पातळ धारेने पडू द्यावे. त्यात सल्फाइड आणि नायट्रोजन बाहेर जातो, प्राणवायू आत येतो आणि पाणीही थोडे निवते.

क्षारांबाबत सरसकट विधान करता येत नाही. किनारपट्टीच्या झऱ्यांत सोडियम, कॅल्शियम आणि क्लोराइड जास्त असते. एका कुंडापासून दुसऱ्या कुंडापर्यंतही फरक पडतो. गरम झऱ्यांत फ्लोराइड जास्त असण्याची शक्यता असते, म्हणून जनावरांना नियमित पाजण्यापूर्वी तपासणी करावी. माशांना मध्यम क्षारता चालते. पण तळ्याचे तेच पाणी पुढे भाजीपाल्याला द्यायचे असेल तर सोडियमचे प्रमाण पाहावे, विशेषतः भारी काळ्या जमिनीत.

आणि झऱ्याचा नसलेला, माणसांनी घातलेला भाग : साबण, शाम्पू, तेल, निर्माल्य. यात्रेच्या दिवसांत कुंडाच्या पाण्याबरोबर हे सारे ओढ्यात जाते. साबण-डिटर्जंटने कल्ल्यांवरचा चिकट थर खराब होतो, आणि आधीच प्राणवायूसाठी धडपडणारा मासा आणखी अडचणीत येतो. स्नानाच्या कुंडाचे सांडपाणी वेगळ्या चराने वाळू-खडीच्या शोषखड्ड्यात किंवा कर्दळीच्या वाफ्यात सोडावे. झऱ्याचे स्वच्छ पाणी तेवढे ओढ्याला जावे. हे काम खर्चाचे नाही, पण देवस्थान, ग्रामपंचायत आणि खालचे शेतकरी एकत्र बसल्याशिवाय होत नाही.

मासे मेले तर

गरम झऱ्याच्या ओढ्यात मासे मेल्याचे कळले की विस्तार कर्मचाऱ्याने पहिल्यांदा वेळ विचारावी. पहाटे मेले, मोठे मासे आधी मेले, तोंडे उघडी, आणि मागूर-मरळ जिवंत असतील तर प्राणवायूची कमतरता समजावी. दुपारी मेले, आणि मेलेले मासे थंड पाण्याच्या तोंडाशी किंवा सावलीच्या काठाला गोळा झालेले दिसले तर उष्णतेचा संशय घ्यावा. लहान-मोठे सगळे मासे, त्यांच्याबरोबर खेकडे, बेडूक आणि पाणकिडेही मेले असतील, तर विषाची शक्यता मोठी. वरच्या अंगाला फवारणीची भांडी धुतली का, कोणी पावडर टाकली का, हे पाहावे. अशा वेळी मासे खाऊ नयेत, विकू नयेत. पाण्याचा नमुना झऱ्याच्या वर, मिलनाजवळ आणि खाली, असा तिन्ही ठिकाणी लगेच घ्यावा. दुसऱ्या दिवशी घेतलेल्या नमुन्यातून फारसे हाती लागत नाही.

पहिल्या वळवाच्या पावसानंतरही मासे मरतात. तापलेल्या डोहात थंड, गढूळ पाणी एकदम येते आणि काठावरची घाणही त्याबरोबर येते. यात झऱ्याचा दोष नसतो.

मत्स्यपालनासाठी हे पाणी वापरावे का?

कोकणापुरते बोलायचे तर गरम पाण्याचा मत्स्यपालनाला फायदा मर्यादित आहे. येथे हिवाळा सौम्य असतो, कार्पची वाढ थोडी मंदावते इतकेच. उलट मार्च ते मे या काळात हेच पाणी अडचण करते. उनपदेवसारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या भागात गोष्ट वेगळी आहे. जळगाव जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली जाते, उथळ तळी गार पडतात, आणि बोटुकली खाणे सोडते. तेथे उबदार पाणी कामाचे आहे.

पण किती तळे उबदार होईल? सेकंदाला १ लिटर म्हणजे दिवसाला ८६,४०० लिटर. १० लाख लिटरच्या शेततळ्यात २० अंशांचे पाणी असेल आणि त्यात ५० अंशांचे एवढे पाणी दिवसभर सोडले, तर उष्णता अजिबात न गमावता तळे २.४ अंशांनी वाढेल. त्यातला बराच भाग रात्री हवेत निघून जातो. म्हणून मोठे शेततळे गरम करण्याचा विचार सोडावा. १० मीटर लांब, १० मीटर रुंद, १ मीटर खोल संगोपन टाकीला मात्र हा झरा पुरतो. रात्री वरून प्लॅस्टिकचे आच्छादन घातले तर आणखी बरे.

पाणी थेट मिसळण्याऐवजी झऱ्याचे पाणी एचडीपीई पाइपच्या वेटोळ्यातून टाकीतून फिरवून पुन्हा ओढ्यात सोडण्याची पद्धत अधिक सुरक्षित आहे. ऊब मिळते, क्षार आणि वायू टाकीत येत नाहीत. टाकीतील पाणी २८ अंशांवर गेले की झडप बंद करावी. उबदार टाकीत मासे जास्त खातात, जास्त विष्ठा टाकतात, आणि जिवाणूजन्य रोग व आरगुलससारखे परजीवी हिवाळ्यातही चालू राहतात; तळ साफ करणे आणि पाणी बदलणे वाढवावे लागते. झरा बहुधा देवस्थानाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या ताब्यात असतो, त्यामुळे पाइप टाकण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी.

तिलापिया पाळण्यासाठी मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते, आणि गरम ओढ्याजवळ त्या नियमाला आणखी कारण आहे. सुटलेला परदेशी मासा सातपुड्याच्या थंडीत एरवी टिकेलच असे नाही, पण झऱ्याच्या उबेत तो वर्षभर राहतो आणि वाढतो. कॅनडातील बॅन्फ येथील गरम झऱ्याच्या दलदलीत डासांसाठी सोडलेले गॅम्बुझिया आणि लोकांनी सोडून दिलेले शोभेचे मासे असेच स्थिरावले. तेथील एक स्थानिक लहान मासा १९८० च्या दशकात नामशेष झाला. बंदी असलेला थाई मागूर, मत्स्यालयातील नको झालेले मासे, यांपैकी काहीही या ओढ्यांत सोडू नये. गप्पी मासे सोडायचे तर बंद टाकीत.

मोजमाप सुरू करायला एक साधा थर्मामीटर, सामू व अमोनियाचा तपासणी संच आणि वही पुरते. झऱ्याच्या वर, मिलनाशी, त्याखाली ५० आणि २०० मीटरवर, दोन्ही काठांना, पंधरा दिवसांतून एकदा पहाटे आणि दुपारी वाचन घ्यावे, ओढ्याची खोली त्याच दगडावरच्या खुणेने नोंदवावी. एक पूर्ण उन्हाळा नोंदी झाल्यावर त्या घेऊन जिल्ह्याच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय कार्यालयात किंवा कोकणात रत्नागिरीजवळच्या शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालयात जावे. टाकीचा खर्च त्यानंतर करावा.